लाज गेली, ते बरं झालं

‘आजकालच्या पोरांना लाजच राहिली नाही.’ दारूचा विषय निघाला की आमच्या बोरीत हे वाक्य हमखास कानावर पडतं. पारावर, दवाखान्याच्या रांगेत, परभणी-जिंतूर एसटीत, कुठंही. बोलणारे बहुतेक माझ्याच वयाचे, साठी ओलांडलेले. त्यांचं म्हणणं असं की, आमच्या काळी पिणारा माणूस अंधार पडल्यावर, आडवाटेनं, तोंडाला उपरणं लावून घरी यायचा. वडीलधाऱ्यांसमोर उभा राहायचा नाही. आता पोरं रस्त्याच्या कडेला मोटारसायकली लावून उघड्यावर पितात, वाढदिवसाला केकच्या बाजूला बाटल्या मांडून फोटो काढतात आणि तो स्टेटसला ठेवतात. आई-बापाच्या मोबाइलवर तो दिसेल, याचंही त्यांना काही वाटत नाही.

यातलं काही खोटं नाही. जिंतूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. त्या फोटोंतली कित्येक पोरं माझ्या हाताखालून गेलेली आहेत. ज्याचं बोट धरून पाटीवर ‘ब’ गिरवून घेतला, त्याच्या हातात बाटली बघून पोटात तुटतं. तरीही हे वाक्य मला मान्य नाही. लाज होती म्हणून दारू कमी होती, असं आम्ही म्हातारी माणसं सांगत फिरतो, ते खरं नाही. ती लाज मी आमच्याच घरात जवळून पाहिली आहे. तिनं एकाचीही दारू सोडवली नाही. बायकांची तोंडं मात्र बंद ठेवली आणि पिणाऱ्याला वेळेवर डॉक्टरपर्यंत पोचू दिलं नाही.

माझा थोरला भाऊ प्यायचा. गावात त्याच्या शब्दाला मान होता. हरिनाम सप्ताहाच्या पंगतीसाठी गव्हाचं पहिलं पोतं त्याच्या घरून जायचं. तो कधी कुणाला झिंगलेला दिसला नाही. बाटली गोठ्यामागं कडब्याच्या गंजीत असायची. पहाटे धारा काढायच्या निमित्तानं तो उठायचा आणि चहाच्या आधी दोन घोट घ्यायचा, कारण त्याशिवाय हाताची थरथर थांबायची नाही, चरवी धरवायची नाही. गंजीतली कुठली पेंढी हललीय ते वहिनीला बरोबर कळायचं. कडबा काढायला ती सालगड्याला कधी जाऊ द्यायची नाही, स्वतः जायची. बाटली गड्याच्या हाती लागली तर गावभर होईल, ही धास्ती. पुढं पाय सुजले, पोटात पाणी झालं, डोळे पिवळे झाले. परभणीला नेलं. डॉक्टरांनी वहिनीला विचारलं, ‘किती वर्षांपासून घेतात?’ वहिनी म्हणाली, ‘नाही हो साहेब, ते तसले नाहीत. माळकरी घर आहे आमचं.’ डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. भाऊ खाटेवर पडून छताकडं बघत होता. गावात आम्ही कावीळ झाली म्हणून सांगितलं. तो गेला तेव्हाही कावीळच सांगितली. हे लिहायच्या आधी मी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, ‘लिहा ताई. आता कुणाची लाज धरायची?’

आमच्या भागात ‘कावीळ’, ‘अटॅक’ आणि ‘गाडीवरून पडला’ यांच्या आड किती दारू दडलेली आहे, हे प्रत्येक गावच्या आशाताईला ठाऊक असतं. ती बोलत नाही, कारण तिलाही त्याच गल्लीत राहायचं असतं.

या लाजेचा सगळ्यात निष्ठुर हिशेब शेतकरी आत्महत्येच्या कागदांत निघतो. २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे अशा कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत मिळते. त्यासाठी नापिकी, थकलेलं कर्ज, वसुलीचा तगादा ही कारणं कागदावर यावी लागतात. चौकशीत ‘व्यसनाधीनता’ लिहिलं गेलं की प्रकरण अपात्र ठरतं. म्हणून चौकशीला माणसं आली की घरातली बाई दारूचं नाव काढत नाही, आणि भावकीतलं कुणीतरी हमखास काढतं. कर्ज आधी होतं की दारू आधी होती, याचा निवाडा तलाठ्यानं करायचा तरी कसा? कापूस भिजला, सोयाबीनला कोंब फुटले, बँकेची नोटीस आली, झोप उडाली, झोपेसाठी क्वार्टर सुरू झाली. यातली एकच कडी उचलून तिच्यावर बोट ठेवायचं आणि बाकीच्या सोडून द्यायच्या, हा न्याय नव्हे. नवऱ्याच्या व्यसनाचे पैसे त्या बाईनं तो जिवंत असताना भरलेच आहेत. तो गेल्यावर पुन्हा तिच्याकडूनच वसूल कशाला करायचे?

दारूची लाज कुणाला वाटायलाच हवी असेल, तर ती आधी सरकारांना वाटायला हवी. असं म्हणायला आम्हा मराठवाड्याच्या माणसांना आमच्या इतिहासाचा आधार आहे. निजामाच्या राज्यात आबकारी हे तिजोरीचं मोठं साधन होतं. शिंदीचा आणि मोहाच्या दारूचा पैसा गावोगावहून हैदराबादला जायचा. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली मुक्तिसंग्राम पेटला, तेव्हा १९४७-४८ मध्ये आमच्या लोकांनी करोडगिरीची नाकी जाळली आणि शिंदीची झाडं तोडली. त्या काळी शिंदीच्या बुंध्यावर कुऱ्हाड घालणं म्हणजे निजामाच्या उत्पन्नावर कुऱ्हाड घालणं होतं. त्याच्याही कितीतरी आधी, १८८० मध्ये, पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांना लेखी हरकत घेतली होती. सरकारनं प्रजेच्या दारूवर पैसा कमवू नये, हा विचार या मातीत नवा नाही.

आज महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे, हे सांगितलं तर माझ्या शाळेतली मोठी मुलंसुद्धा अविश्वासानं बघायची. कायद्याप्रमाणे पिण्यासाठी परवाना लागतो. दारूसाठी वयाची २५ वर्षं पूर्ण असावी लागतात, सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१. आमच्या भागातल्या एखाद्या ढाब्यावर पोराचं आधार कार्ड बघून त्याला परत पाठवल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं विदेशी बनावटीच्या मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केलं, धान्यापासून राज्यातच तयार होणाऱ्या मद्याचा ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा नवा वर्ग काढला, आणि या सगळ्यातून वर्षाला १४ हजार कोटी रुपये जास्तीचे मिळतील असा अंदाज सांगितला. देशीच्या १८० मिलीच्या बाटलीची किंमत किमान ८० रुपये झाली. ८० रुपये म्हणजे आमच्याकडं बाईनं उन्हात सात-आठ किलो कापूस वेचायचा. दारू महाग करायला माझा विरोध नाही. महाग झाली की नव्यानं पिणारे कमी होतात, असा जगभरचा अनुभव आहे. पण ज्याला लागलेली आहे तो कमी पीत नाही, तो घरातलं कमी करतो. तेव्हा त्या १४ हजार कोटींतून व्यसनमुक्तीवर किती खर्च करणार, हे त्याच दिवशी, त्याच बैठकीत सांगायला हवं होतं.

एक तारीख माझ्या डोक्यातून जात नाही. २७ जानेवारी २०२२. त्या दिवशी राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. पुढं विरोध झाला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि तो निर्णय अमलात आला नाही. त्याच २७ जानेवारीला पुण्यात अनिल अवचट गेले. त्यांनी आणि डॉ. सुनंदा अवचटांनी १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं होतं, पु. ल. देशपांड्यांनी त्याला हातभार लावला होता. व्यसनी माणसाला शिव्या न देता आजारी माणूस म्हणून वागवायचं, ही गोष्ट या दांपत्यानं मराठी घरांना शिकवली. माझा भाऊ आजारी पडला तेव्हा मुक्तांगण होतं. ते आम्हाला माहीतही होतं. पण तिथं जायचं म्हणजे आधी ‘हा पितो’ असं मोठ्यानं म्हणावं लागणार होतं.

आता ज्या पोरांना लाज नाही म्हणतात, त्यांच्याकडं वळते.

पहाटे पाच-साडेपाचला आमच्या रस्त्याला या. अंधारात मोबाइलची बॅटरी लावून पोरं पळत असतात, अलीकडं पोरीही असतात. पोलीस भरतीत शारीरिक चाचणी ५० गुणांची, त्यात मुलांना १६०० मीटर धावायचं. काही सैन्याच्या मागं, काही वनरक्षकाच्या. कुणाची शेती दोन एकर, कुणाची तीही नाही. त्यांच्यातल्या एकाला मी विचारलं, ‘तुझे मित्र बसतात म्हणे संध्याकाळी ढाब्यावर, तू जात नाहीस?’ तो म्हणाला, ‘भरतीची तयारी करायलोय, बाई. रात्री घेतली की सकाळी दम भरतो. तीन सेकंदांनी गेली मागच्या वेळी.’ त्यानं देवाची शपथ घेतली नव्हती, गळ्यात माळ घातली नव्हती, कुणाचं कीर्तन ऐकून सोडली नव्हती. माळेला मी कमी लेखत नाही. तुळशीच्या माळेनं आमच्या जिल्ह्यात, जनाबाईंच्या गंगाखेडच्या पंचक्रोशीत, पिढ्यान् पिढ्या घरं सावरली आहेत. पण माळ घालणाऱ्याच्या मनात पापाची भीती असायची. या पोराच्या मनात तीन सेकंद आहेत. पिणं वाईट की चांगलं, या वादात तो पडतच नाही. ते त्याच्या कामाचं नाही, एवढंच त्याला कळतं. हे मला नवं वाटतं आणि फार मोलाचं वाटतं.

दुसरा बदल मुलींनी घडवलाय. पूर्वी लग्नाच्या बायोडाट्यात खाली ‘निर्व्यसनी’ असं छापून टाकायचे, कुणी ते वाचायचंही नाही. मुलीकडचे शेती किती, विहिरीला पाणी किती, एवढं विचारायचे. आता आमच्याकडं तिशी उलटलेल्या पोरांना मुली मिळेनात, आणि निवड मुलीच्या हातात आली आहे. माझी एक विद्यार्थिनी परभणीत नर्सिंग करते. बघायला आलेल्या मुलाचं इन्स्टाग्राम तिनं आधीच पाहून ठेवलं होतं. पोहे झाले, बोलायला दोघांना आतल्या खोलीत बसवलं, तेव्हा तिनं सरळ विचारलं, ‘तुम्ही महिन्यातून किती वेळा घेता?’ मुलगा म्हणाला, कधीतरी. ती म्हणाली, ‘कधीतरी म्हणजे किती ते सांगा.’ सोयरीक मोडली. तिची आजी आठ दिवस तिच्याशी बोलली नाही. मला मात्र त्या पोरीचा अभिमान वाटला. पन्नास वर्षांपूर्वी माझ्या वहिनीला हा प्रश्न विचारायची सोय असती तर!

आकडेही काही सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीत देशातले १५ ते ४९ वयाचे सुमारे २९ टक्के पुरुष दारू पितो म्हणाले होते. २०१९-२१ च्या फेरीत ते २२ टक्क्यांच्या आसपास आले. महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या पुरुषांत हे प्रमाण १४ टक्क्यांच्या जवळ आहे, बायकांत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पाहणीवाल्यापुढं माणूस खरं सांगतोच असं नाही, माझी वहिनीच बघा. पण हा आकडा दुप्पट धरला तरी न पिणारे पुरुष कितीतरी जास्त उरतात. ‘सगळेच पितात’ ही थाप आहे, आणि ती पिणारेच पसरवतात. अमेरिकेत गॅलप ही संस्था १९३९ पासून हाच प्रश्न विचारते. २०२५ मध्ये तिथं दारू पितो म्हणणारे प्रौढ ५४ टक्क्यांवर आले, आजवरचा नीचांक. पस्तिशीच्या आतल्यांत तर ५० टक्केच. जपानमध्ये तरुणांनी पिणं इतकं कमी केलं की, २०२२ मध्ये तिथल्या कर खात्यानं तरुणांना दारूकडं वळवण्याच्या कल्पना मागवणारी स्पर्धा घेतली. महसुलाची चटक लागली की सरकारं कुठवर जातात, याचा हा पुरावा आहे. आपल्याकडं तशी वेळ येऊ नये.

मग ते फोटो टाकणारे? तेही खरेच आहेत. दारूला आता लाज चिकटलेली नाही, म्हणून ज्याला प्यायची तो लवकर सुरू करतो आणि उघड करतो. दहावीच्या निरोप समारंभानंतर बिअर पिणारी मुलं मला माहीत आहेत. पुण्यात कंपनीत लागलेला पोरगा पाच जणांच्या खोलीत राहतो, शनिवारी पितो, सोमवारी कामावर जातो आणि मला म्हणतो, ‘बाई, आमचं कंट्रोलमध्ये असतं.’ काहींचं असतंही. पण कुणाचं राहील आणि कुणाचं सुटेल, हे आधी ओळखायची खूण कुठल्याच डॉक्टरकडं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं की, दारूचं अमुक प्रमाण सुरक्षित, असं म्हणता येत नाही. शिवाय दारूचा वास येतो म्हणून छत्रपती संभाजीनगरात ‘बटन’ नावाच्या नशेच्या गोळ्या घेणारी पोरं आहेत. ते संकट आमच्या रस्त्यानं यायला वेळ लागणार नाही. आणि एक गोष्ट मला खटकते. फोटोत चार मुलं आणि एक मुलगी असेल, तर गाव फक्त मुलीबद्दल बोलतं. काळजी असेल तर ती पाचही जणांची असावी.

पण उघड पिणाऱ्याचं एक बरं असतं. त्याला गाठता येतं, त्याच्याशी बोलता येतं. मी बोलते. स्टेटस दिसला की फोन करते, ओरडत नाही, ‘काल किती झाली?’ एवढंच विचारते. सांगतात बिचारे. माझ्या भावानं मला मरेपर्यंत सांगितलं नाही.

खरी अडचण पोरांत नाही, आमच्या पिढीत आहे. गेल्या वैशाखात एका लग्नात मंडपामागं, जनरेटरपाशी, जाणते पुरुष बसले होते. गाडीच्या डिक्कीत बाटल्या, प्लास्टिकचे ग्लास, पाण्याचे पाऊच, कागदावर शेंगदाणे. माझा एक विद्यार्थी, नवरीचा भाऊ, जनरेटरचं डिझेल बघायला तिकडं गेला. मामानं त्याच्या हातात ग्लास दिला.

‘मामा, मी घेत नाही.’

‘घेत नाही म्हंजे? बहिणीचं लगीन हाय अन् तू कोरडा?’

‘सकाळी पळायचंय मला.’

‘एका पेगानं काय पाय तुटू लाले का तुझे?’

बाकीचे हसले. पोरानं ग्लास ओठाला लावला, मामा दुसरीकडं वळला तसा तो जनरेटरखालच्या मातीत ओतला, आणि रिकामा ग्लास सगळ्यांना दिसेल असा हातात धरून उभा राहिला. मी पलीकडं हात धुवायला गेले होते. त्यानं मला पाहिलं आणि हळूच म्हणाला, ‘नाही म्हणलं की रुसतेत, बाई. ओतून दिलं की सगळे खूश.’

माझ्या भावाला पिणं लपवावं लागलं. या पोराला न पिणं लपवावं लागतंय. चूक कुणाची?

जेवणात आग्रह करावा, तो आपला संस्कार आहे. दारूचा आग्रह हा संस्कार नाही, ती बळजबरी आहे, आणि ती करणारे पंचविशीचे नसतात, पन्नाशीचे असतात. ग्रामपंचायतीची निवडणूक आली की हेच लोक पॅनलच्या पोरांना ढाब्यावर नेतात. कित्येकांचा पहिला घोट तिथं होतो, फुकट, नेत्याच्या शेजारी बसून, आपण मोठे झालो या आनंदात. मतदानाच्या काळात विक्री बंद असते. त्याआधीच घराघरांत खोकी येऊन पडलेली असतात. आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी हीच मंडळी पारावर बसून म्हणतात, पोरांना लाज राहिली नाही.

काही वाचक म्हणतील, मग दुकानंच बंद करा. ज्या गावच्या बायकांना ती नको आहेत, तिथं ती बंद झालीच पाहिजेत. कायद्यानं तशी सोय आहे. गावातल्या पुरेशा महिला मतदारांनी लेखी मागणी केली की गुप्त मतदान होतं, ‘उभी बाटली’ की ‘आडवी बाटली’. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवी केली तर दुकान जातं. अट अवघड आहे. कापसाच्या दिवसांत, ऊसतोडीला माणसं गेलेली असताना मतदान ठेवलं की गैरहजर बाईचं मत आपोआप दुकानाच्या बाजूनं पडतं. म्हणून हे मतदान सुगीच्या आणि स्थलांतराच्या दिवसांत घेऊ नये, असं माझं मागणं आहे. २०१६ मध्ये कायद्यात अवैध दारू रोखणाऱ्या ग्रामरक्षक दलाची तरतूद आली. किती गावांत ती दलं खरोखर उभी राहिली, हे प्रत्येकानं आपल्या गावात बघावं.

पण बंदीनं सगळं होत नाही, हेही महाराष्ट्रानं पाहिलं आहे. वर्ध्यात १९७४ पासून बंदी आहे. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीतून १९९३ मध्ये आली, डॉ. अभय आणि राणी बंग तिच्या पाठीशी उभे राहिले. चंद्रपुरात बायका चिमूरहून नागपूरला पायी चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ ला बंदी झाली, आणि २०२१ मध्ये, अवैध विक्री वाढली असं कारण सांगून, सरकारनं ती उठवली. अंमलबजावणी जमली नाही म्हणून बायकांनी मिळवलेलं काढून घ्यायचं, हे मला पटलं नाही. गडचिरोलीत मात्र बंदीच्या जोडीला २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ आलं, त्यात गावाची समिती आणि उपचार यांची सांगड घातली. बंदी असो वा नसो, ज्याला लागली आहे त्याला हात द्यायला कुणी नसेल तर तो हातभट्टीकडं जातो. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली. ती गरीब आणि कष्टकरी माणसं होती.

हात देणं म्हणजे काय, हे इथं थोडं सविस्तर सांगते, कारण याबाबतीत आमच्या भागात फार घात होतो. भिंतींवर, विजेच्या खांबांवर ‘नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती असतात. बायका पदरचे पैसे मोडून ती पावडर आणतात आणि भाजीत कालवतात. अशा औषधांत काय असतं, ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. दारू सोडवायला डॉक्टर डायसल्फिराम नावाची गोळी देतात, पण ती रोग्याला सांगून, तपासून, लक्ष ठेवून. ती पोटात असताना दारू प्यायली तर चेहरा तापतो, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो, जिवावर बेतू शकतं. न सांगता अशी गोळी देणं म्हणजे विषाशी खेळ आहे. दुसरी चूक, रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून एकदम बंद करायची. दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम सुटतो, फिट येते, नसलेली माणसं दिसायला लागतात. लोक म्हणतात बाहेरचं झालं, आणि देवऋषाकडं नेतात. तो आजाराचा टप्पा आहे, त्याला दवाखान्यात औषधं आहेत, आणि वेळेवर नेलं नाही तर माणूस दगावतो. हे सगळं उघड बोललं तरच कळणार आहे.

परभणीला २०२३ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. जिल्ह्याला डॉक्टर मिळतील याचा आनंद आहेच. आमची मागणी आहे की तिथं दारू सोडवण्यासाठी दाखल करून घेणारा स्वतंत्र वॉर्ड असावा, आणि आठवड्यातून एक दिवस मानसोपचाराचे डॉक्टर जिंतूर तालुक्यात येऊन बसावेत. बोरीहून, कौसडीहून, येलदरीकडच्या तांड्यांवरून मजूर माणूस दर आठवड्याला परभणीला जाऊ शकत नाही. त्याची एका दिवसाची मजुरी बुडते आणि तो तिसऱ्या खेपेला येत नाही.

माझ्या वयाच्या माणसांना माझं सांगणं थोडकं आहे. घरच्या कार्यात दारू ठेवू नका. ठेवणारच असाल तर पंचविशीच्या आतल्या पोराच्या हातात स्वतः ग्लास देऊ नका, आणि तो नाही म्हणाला तर त्याला हसू नका. निवडणुकीत जो उमेदवार पोरांना ढाब्यावर नेईल, त्याला त्याच्याच बहिणीनं, आईनं, बायकोनं मत देऊ नये. आणि घरात कुणाला लागली असेल तर कावीळ म्हणू नका. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा १४४४६ हा मोफत फोन क्रमांक आहे, मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ आहे, दोन्हीकडं नाव न सांगता बोलता येतं. तुमच्या गावात ज्या भिंतीवर ‘नकळत दारू सोडवा’ लिहिलेलं असेल, तिथंच हे दोन्ही आकडे मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या.